दुसऱ्या डोंगराचा अहवाल

“हे काय लिहिलंयस?” रिस्तेननं नकाशावर बोट टेकवलं.

“विण्याची जागा. रेनडिअरच्या माद्या इथंच वितात ना, मावशी?”

“वितात इथं. पण येतात कुठून ते कोण लिहिणार? आभाळातून पडतात होय?”

गुनिल्डनं पेन्सिल पुढं केली. रिस्तेननं खोऱ्यापासून डोंगरमाथ्यापर्यंत एक वाकडी रेघ ओढली. पवनचक्क्यांसाठी केलेल्या तीस खुणांच्या ती अगदी मधून गेली.

उत्तर स्वीडनमधल्या, रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या त्या वस्तीत गुनिल्ड दुसऱ्यांदा आली होती. प्रकल्प उभा राहण्याआधी तिथली जमीन, जनावरं आणि माणसं यांच्यावर काय परिणाम होईल, ते तपासून अहवाल लिहायचा, हे तिचं सव्वीस वर्षांचं काम. अकरा वर्षांपूर्वी पलीकडच्या डोंगराचा अहवालही तिनंच लिहिला होता. ‘कळप हळूहळू सरावतील,’ असं त्यात म्हटलं होतं. तिथं पवनचक्क्या उभ्या राहिल्या, पण कळप सरावले नाहीत; त्या डोंगराकडे पुन्हा फिरकलेच नाहीत. चराई तुटली, तसा रिस्तेनच्या मुलानं, युहाननं, धंदा सोडला. तो आता शहरात बस चालवत होता.

“मला परत कसं येऊ दिलंत?” तिथल्या रीतीप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे टाकता टाकता गुनिल्डनं विचारलं.

“नवीन कुणी आलं असतं तर पहिल्यापासून शिकवावं लागलं असतं,” रिस्तेन म्हणाली. “तुझं निम्मं शिक्षण आमच्याच जिवावर झालंय.”

हे बोलताना ती हसली नाही.

मार्चमध्ये गावच्या सभागृहात जनसुनावणी झाली. परिणाम गंभीर आणि भरून न येणारा, असं गुनिल्डनं वाचून दाखवलं. मग तिनं कागद खाली ठेवले.

“पलीकडच्या डोंगराबाबत मी चुकले होते. या लोकांनी तेव्हाही मला हेच सांगितलं होतं. मी ते ‘स्थानिकांच्या भावना’ म्हणून शेवटच्या पानावर टाकलं.”

कंपनीचा वकील सावकाश उठला. “म्हणजे तुमचा अहवाल चुकू शकतो. मग हा तरी खरा का मानायचा?”

मागच्या बाकावरून रिस्तेनचा आवाज आला, “तिचा नका मानू. आमचं माना. आम्ही तेव्हा चुकलो नव्हतो.”



निकाल आला. बारा पवनचक्क्या रद्द झाल्या, अठरा मंजूर. ज्या संस्थेसाठी गुनिल्ड काम करायची, तिनं पुन्हा तिला बोलावलं नाही.

मे महिन्यात ती आपली आपणच वस्तीवर गेली. रिस्तेननं बर्फावर शेजारी जागा करून दिली. दोघी पालथ्या पडून पाहू लागल्या. गाभण माद्यांची रांग खोऱ्यातून वर येत होती. पुढची मादी पवनचक्क्यांसाठीच्या नव्या रस्त्याच्या कडेला रोवलेल्या खांबापाशी थबकली. तिनं हवा हुंगली, बराच वेळ उभी राहिली आणि वळली. तिच्यामागं सगळी रांग वळली, लांबच्या दलदलीकडे.

“तिकडून किती दिवस लागतील?” गुनिल्डनं हळूच विचारलं.

“चार. काही वाटेतच वितील.”

रिस्तेन उठली, गुडघ्यांवरचा बर्फ झटकला आणि कळपाला चाहूल लागणार नाही इतकं अंतर राखून मागोमाग चालू लागली. गुनिल्डनं दोघींच्या पिशव्या उचलल्या आणि तिच्या पावलांत पाऊल टाकत निघाली.