बुडबुडा हलतो म्हणून एक स्टार

मित्रांनो, मी एक जुनी पाणसळ आहे. तुमच्यापैकी कित्येकांनी मला पाहिलंही नसेल, आणि ज्यांनी पाहिलं असेल त्यांना मी नुसती एक जाड पिवळी पट्टी वाटले असेन. पण जरा जवळून बघा. माझ्या पोटात मधोमध काचेची एक छोटी नळी आहे. नळीत हिरवट द्रव आहे आणि त्यात एक बुडबुडा. नळीवर दोन काळ्या रेघा आहेत. मला एखाद्या जागेवर ठेवलं आणि बुडबुडा त्या रेघांच्या मधे थांबला, तर जागा सपाट. तो एका बाजूला पळाला, तर ती बाजू उंच. मला एवढंच येतं, पण ते मी चोख करते. कुणाची भीडभाड ठेवत नाही आणि तोंडदेखलं बोलत नाही. या स्वभावापायी माझ्या आयुष्यात केवढं रामायण झालं, तेच आज सांगते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे जाड चष्म्याची एक बाई दिवसभर आम्हा बहिणींना गुळगुळीत दगडी ओट्यावर ठेवून तपासत असे. बुडबुडा केसभर जरी सरकलेला दिसला, तरी बारीक स्क्रू पिळून ती त्याला जागेवर आणी. माझं काम संपल्यावर ती म्हणाली, "झालीस गं बाई सरळ." ते माझ्या वाट्याला आलेलं पहिलं कौतुक. मग माझा फोटो निघाला, तो लोकांच्या फोनवर दिसू लागला आणि फोटोखाली पाच रिकामे स्टार आले. आपलं काम चांगलं असलं की ते आपोआप भरतील, असं मला वाटे. तेव्हा मी फारच भाबडी होते.

मला पहिल्यांदा विकत घेतलं ते नव्या घरात राहायला आलेल्या एका गृहस्थांनी. त्यांना आरसा टांगायचा होता. त्यांनी मला भिंतीला उभं लावलं. माझ्या टोकाला आणखी एक नळी आहे, ती उभ्या कामासाठी. तिच्यातला बुडबुडा बाजूला गेला, कारण भिंत वाकडी होती. गृहस्थांनी मला चार ठिकाणी लावून पाहिलं आणि चारही वेळा मी तेच सांगितलं. त्यांची बायको हसून म्हणाली, "अहो, भिंतच वाकडी असेल." ते म्हणाले, "भिंत नवी कोरी आहे. हिलाच काही कळत नाही." दुसऱ्या दिवशी मी परत खोक्यात होते. परत पाठवण्याचं कारण त्यांनी लिहिलं होतं, 'भिंत वाकडी दाखवते.'

परत आलेल्या वस्तूंच्या गोदामात एक तरणी मुलगी खोकी उघडत बसली होती. माझं कारण तिने शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवलं. "अगं, भिंत वाकडी दाखवते म्हणे! मग भिंत बघ की रे बाबा!" दोघी पोट धरून हसल्या. त्या हसण्यानेच मी वाचले, कारण तिने मला पुन्हा विक्रीच्या ढिगात टाकलं. पण नियमाप्रमाणे माझ्या पाठीवर एक लाल ठिपका लावला. एक ठिपका म्हणजे एकदा परत आलेली. दोन ठिपके पडले की थेट भंगार. मी खोक्यात पडल्या पडल्या धास्तावून गेले होते.

अशी मी काकांच्या घरी आले. काका टपाल खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांची पत्रं न वाचता पोचवली, त्याची भरपाई म्हणून की काय, ते आता लोकांचे रिव्ह्यू वाचत. नेलकटर घेताना त्यांनी चारशे रिव्ह्यू वाचले होते, आणि तोवर नखं वाढतच होती. काकू म्हणत, "यांना पोळी भाजली की नाही हेसुद्धा फोनवर बघावं लागतं."

त्यांच्या बाथरूममध्ये पाणी तुंबून राहायचं. त्याच पाण्यावरून काकू घसरल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. हात प्लॅस्टरमध्ये गेला, तेव्हा काकांनी सगळी फरशी काढून नवी घालायचं ठरवलं. कारागीर मिळवून देणाऱ्या एका अ‍ॅपवरून कामाला बोलावलं फरशीताईला. तिचं खरं नाव अ‍ॅपवर होतं, पण सगळे तिला फरशीताईच म्हणत. वडिलांच्या हाताखाली शिकलेली, कमी बोलणारी, गुडघ्यांना जाड पट्टे बांधून काम करणारी बाई. घरातली चार माणसं तिच्या एकटीच्या कामावर जेवत होती, आणि तिला कामं मिळत ती फक्त या अ‍ॅपवरून. अ‍ॅपवर तिचेही स्टार होते. त्यांची सरासरी साडेतीनच्या खाली गेली की अ‍ॅप काम देणं बंद करतं, आणि ती येऊन ठेपली होती तीन पूर्णांक सहावर.

ती इतकी खाली कशी आली, ते काकांनी तिच्याच तोंडावर वाचून दाखवलं होतं. एकाने लिहिलं होतं, 'काम उत्तम, पण हसत नाहीत. तीन स्टार.' दुसऱ्याने लिहिलं होतं, 'आल्या त्या दिवशी आमच्याकडे लाइट नव्हते. दोन स्टार.' ती एवढंच म्हणाली, "लाइट मी नव्हते घालवले, काका."

तिने चार दिवस मान मोडून काम केलं. चौथ्या दिवशी दुपारी ती फरशीच्या सांध्यांमधला सिमेंटचा माल पुसून आवरत होती, आणि त्याच वेळी मी घरी पोचले. काम तपासायला म्हणून काकांनी मला मागवलं होतं. त्यांनी खोकं फोडलं, दारातूनच वाकून मला फरशीवर ठेवलं आणि चष्मा सावरला. माझा बुडबुडा सरळ दाराकडे पळाला.

"वाकडी!" काका ओरडले. "अहो ताई, सगळी फरशी वाकडी बसवलीत तुम्ही!"

"वाकडी नाही काका, ढाळ दिलाय. पाणी कोपऱ्यातल्या जाळीकडे जायला नको का?"

"ढाळबिळ मला सांगू नका. हिच्या खोक्यावर स्पष्ट लिहिलंय, बुडबुडा मधोमध आला पाहिजे."

"माझी पाणसळ आणून दाखवू का?"

"तुमची तुमच्याच बाजूने बोलणार!"

"मग परवा पाणी ओतून बघा. आज सांधे ओले आहेत. आज पाणी पडलं तर सगळा माल धुपून जाईल."

"परवा तुम्ही कुठे सापडणार?" असं म्हणून काकांनी फोन काढला. काम संपलं की अ‍ॅप लगेच स्टार विचारतं. काकांचा अंगठा एका स्टारवर पडला आणि फरशीताईच्या खिशातला फोन वाजला. तिने हात पुसून तो पाहिला. "खातं थांबवलंय," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

मित्रांनो, मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी खोटं बोलले नव्हते. दाराची बाजू उंच होती, तेच मी सांगितलं होतं. पण ती उंच असायलाच हवी, हे सांगायला मला तोंड नाही. माझ्या खरेपणाचा असा उपयोग होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी खोटी निघाले असते तर बरं झालं असतं, असंसुद्धा क्षणभर मनात आलं.

दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या काकू सगळं पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, काय केलंत हे?"

"खरा रिव्ह्यू दिला. लोक त्यावर विसंबतात."

"आणि तुम्ही ज्या पट्टीवर विसंबलात तिचे रिव्ह्यू वाचलेत का? नेलकटरचं तर पारायण केलं होतंत."

काका वरमले. मला त्यांनी घाईत मागवलं होतं आणि वरचे चारच रिव्ह्यू वाचले होते. आता काकूंपुढे ते मोठ्याने वाचू लागले.

"'बुडबुडा सारखा हलतो. एका जागी राहत नाही. एक स्टार.'"

"हलणार नाही तर काय करणार तो?" काकू म्हणाल्या. "पुढे."

"'अजून उघडून पाहिलेली नाही. फारच छान. पाच स्टार.' 'पाणी भरायचं भोक सापडलं नाही. एक स्टार.' 'नवऱ्याला भेट दिली, अजून एकही खिळा ठोकलेला नाही. दोन स्टार.'"

"ते दोन नवऱ्याचे," काकू म्हणाल्या. काका आता भराभर वाचत होते आणि त्यांचा आवाज उतरत चालला होता. बोट फिरवत फिरवत ते पार तळाशी आले. तिथे एक लांबलचक रिव्ह्यू होता. त्याला फोटो नव्हता. तो उपयोगी वाटला म्हणणारी माणसं होती अवघी दोन.

"'मी लिफ्ट बसवायचं काम तीस वर्षं केलं,'" काका वाचू लागले. "'पाणसळ घेतल्यावर आधी तिचीच परीक्षा घ्या. ठेवल्यावर बुडबुडा कुठल्या बाजूला गेला ते पाहा. मग तिची टोकं बदलून त्याच जागी ठेवा. बुडबुडा पुन्हा त्याच बाजूला गेला, तर पाणसळ खरी आणि जागा उतरती. तो बाजू बदलून गेला, तर पाणसळ खोटी. आणि एक लक्षात ठेवा. बाथरूमची जमीन आणि गच्ची उतरतीच लागते. तिथे बुडबुडा मधोमध आला, तर गवंड्याला जरूर परत बोलवा. नाहीतर त्याचे आभार माना.'"

मग वाकून काकांनी माझी टोकं बदलली आणि मला त्याच फरशीवर ठेवलं. मी माझ्या बुडबुड्याला मनोमन हात जोडले. कारखान्यातून निघाल्यापासून मी किती ठिकाणी आपटले होते! आतला स्क्रू हलला असेल तर? पण बुडबुडा निघाला तो सरळ दाराकडे गेला.

"जाळीकडे उतार आहे," काका पुटपुटले. मग मान वर करून म्हणाले, "ताई, चुकलं माझं."

काकू म्हणाल्या, "चुकलं ते तोंडाने नको, फोनवर लिहा."

दिलेला रिव्ह्यू बदलता येत होता, पण अ‍ॅपला निदान वीस शब्द हवे होते. हजारो रिव्ह्यू वाचलेल्या काकांनी आजवर एकही लिहिला नव्हता. त्यांना शब्द सापडेनात. काकू सांगत गेल्या आणि ते एका बोटाने लिहीत गेले. 'मी अडाणीपणाने आधी एक स्टार दिला होता. फरशीला ढाळ लागतो हे मला ठाऊक नव्हतं. ताईंनी तो नेमका दिला आहे, मी स्वतः तपासला. दोष माझा होता.' पाच स्टार दिले. लिफ्टवाल्याच्या रिव्ह्यूखाली जाऊन उपयोगी म्हणूनही बोट दाबलं. तिथला आकडा दोनाचा तीन झाला.

मग तिघेही फोनकडे बघत बसले. 'तपासणी चालू आहे' एवढंच दिसत होतं. काकांनी चहा केला, तो कुणी प्यायला नाही. बऱ्याच वेळाने फरशीताईचा फोन वाजला. खातं सुरू झालं होतं. तिने बादली उपडी केली, तिच्यावर बसली आणि डोळ्यांना पदर लावला. "आई गं," एवढंच ती म्हणाली. काकूंनी आपला चांगला हात तिच्या पाठीवर ठेवला. माझ्याही जिवात जीव आला. मी खरी ठरले होते आणि माझ्या खरेपणाने कुणाचं घर बुडालं नव्हतं. त्याहून जास्त मला काय हवं होतं?

तिसऱ्या दिवशी सांधे सुकले आणि काकू प्लॅस्टरवर पिशवी बांधून आंघोळीला गेल्या. काका दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते. पाणी पडण्याचा आवाज थांबला.

"तुंबलं का गं?"

"नाही हो. सगळं गेलं. पायाखाली थेंब नाही."

"मग, किती स्टार?"

"स्टार राहू द्या, आधी टॉवेल द्या!"

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझा पिवळा रंग उडाला आहे आणि एका टोकाची नळी फुटली आहे. मधली मात्र शाबूत आहे. कधी काका मला फ्रिजवर ठेवून बघतात, कधी महिनोन्‌महिने मी माळ्यावर धूळ खात पडते. माझी तक्रार नाही. फक्त एक विनंती आहे. मला उचलाल तर हळू ठेवा, कारण मी आपटले की माझं खरं बिघडतं आणि ते मला स्वतःला कळत नाही. आणि कधी तुमच्या हातात पाच रिकामे स्टार आले, तर जरा थांबा. वापरून काही शिकला असाल, तर त्या लिफ्टवाल्यासारखं नीट, समजावून लिहा. कुणी वाचत नसलं तरी लिहा. त्याला मी कधी पाहिलेलं नाही, आणि त्याच्या त्या चार ओळींनी इथे एका बाईचं काम वाचलं हे त्याला आजही ठाऊक नाही. पण जिथे तुम्हाला काही कळत नसेल, तिथे अंगठा दाबण्याआधी काम करणाऱ्या माणसाला विचारा. तो बहुतेक वेळा तिथेच, तुमच्यासमोर, हात पुसत उभा असतो.