उचगावचं गोड रक्त

माझे मेहुणे डॉ. नृसिंह हेर्लेकर यांनी त्रेपन्न साली कोल्हापूरच्या माणसाविषयी एक शोध लावला. शोध असा, की इथल्या माणसाच्या रक्तात साखर जास्त असते. आजाऱ्याच्या नव्हे, धडधाकट, नांगर धरणाऱ्या माणसाच्या, आणि तीही सकाळी अनशापोटी. विलायती पुस्तकांत उपाशी माणसाची साखर शंभराच्या आत असते. कोल्हापूरजवळच्या उचगावकरांची एकशे तीस, एकशे चाळीस भरत होती. कोल्हापुरात राहणाऱ्याला यात फारसं नवल वाटलं नसतं, कारण आपल्यात चार लोकांपेक्षा काहीतरी जास्त आहे हे इथं प्रत्येकाला जन्मापासून ठाऊक असतं. पण तेच लंडनच्या मासिकात छापून येणं ही गोष्ट वेगळी.

नृसिंहराव शिकले मुंबईला. तिथल्या मोठ्या प्रोफेसरांनी संशोधनासाठी थांबायला सांगितलं असताना ते वडिलांचा दवाखाना चालवायला परत आले. निघताना प्रोफेसर म्हणाले होते, "जा, खोकल्याच्या बाटल्या भर." बाटल्या भरणं चालूच होतं, आणि ते वाक्य नृसिंहरावांना अजून पचलेलं नव्हतं. म्हणून त्यांनी राजारामपुरीतल्या घराच्या मागच्या खोलीत पदरमोड करून प्रयोगशाळा थाटली आणि तीन वर्षं दर मंगळवारी लोकांचं रक्त काढलं. लेख छापून आला की त्याची एक प्रत मुंबईला त्या प्रोफेसरांना जायची होती. बाकी त्यांना काही नको होतं.

लेखाचं इंग्रजी तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवतो. शास्त्रातलं मला ओ की ठो कळत नाही, पण वाक्य लंगडतंय की नाही ते कळतं, आणि नृसिंहरावांची बहुतेक वाक्यं लंगडत होती. क्रियापद हे कंपाउंडरनं द्यायचं असतं अशी डॉक्टर लोकांची समजूत असावी. मी पंधरा दिवस रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन लाल पेन्सिलीनं पानं रंगवली. ते मुकाट्यानं बघत. रोगी ओरडला नाही की मला बरं वाटतं.

प्रयोग कसा केला ते सांगणारा भाग शेवटी राहिला. मासिकाची सूचना अशी होती, की जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला नुसतं वाचून तो प्रयोग जसाच्या तसा करता आला पाहिजे. नृसिंहरावांनी लिहिलं होतं, की मंडळी पहाटे चालत येत, अर्धा तास विश्रांती घेत, मग त्यांचं रक्त काढलं जाई.

"विश्रांती म्हणजे काय?" मी विचारलं.

"विश्रांती म्हणजे विश्रांती."

"बसून की आडवं पडून?"

"बसून. पुढच्या सोप्यात."

"तुम्ही पाहिलंय?"

"मी तेव्हा मागं नळ्या धूत असतो. आणि बसण्यात पाहण्यासारखं काय असतं हो? माणूस आत आला की मी विचारतो, रात्रीपासून काही खाल्लंय का. नाही म्हणतो. तसं लिहून घेतलंय."

अर्धा तास माणसं नुसती बसतात हे मला पटेना. कोल्हापुरात मी तसं कुणाला बसलेलं पाहिलेलं नाही. सोपा माझ्या बहिणीच्या राज्यात येतो, म्हणून मी उठून स्वयंपाकघरात गेलो. श्यामला तांदूळ निवडत होती.

"ती उचगावची मंडळी मंगळवारी सोप्यात बसतात, तेव्हा काय करतात गं?"

"बसतात. बोलतात. ती म्हातारी चन्नम्मा गुडघे चोळत बसते."

"आणि?"

"आणि काय, गूळ-पाणी घेतात."

मी पेन्सिल कानावर ठेवली.

"कोण देतं?"

"कोण देणार? दादा, अंधारात उठून दोन कोस चालून आलेली माणसं. त्यांना कोरडं बसवू?"

"केवढा गूळ?"

"चांगला मुठीएवढा खडा. नवा, पिवळा. आपल्या दारात येऊन कुणी चिमटीनं गूळ खायचा का?"

"पण ते तर सांगतात, काही खाल्लं नाही."

"खाल्लं कुठं? गूळ-पाणी म्हणजे खाणं होय?"

तिचं बरोबर होतं. आमच्याकडे गूळ-पाणी खाण्यात मोडत नाही, आल्यागेल्याच्या मानात मोडतं. उचगावची माणसं तीन वर्षं डॉक्टरांशी अक्षरही खोटं बोलली नव्हती.

"उपाशी माणसं लागतात म्हणून तुला नृसिंहरावांनी सांगितलं नव्हतं?"

"मंगळवारी माणसं येतील, एवढंच सांगितलं. कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणाले, तुला नाही कळायचं."

मला राग आला. एक तर बहीण माझी. दुसरं म्हणजे लेखही एव्हाना अर्धाअधिक माझाच होता. तसलं इंग्रजी त्या वर्षी कोल्हापुरात दुसऱ्या कुणी लिहिलं असेल असं मला वाटत नाही. गप्प बसलो असतो तर लेख गेला असता. 'विश्रांती' हा शब्द व्याकरणाला धरून होता, आणि लंडनला कुणी श्यामलाचा गूळ बघायला येणार नव्हतं. हा विचार माझ्या मनात चांगला मिनिटभर राहिला. पण श्यामलानं माझ्या तोंडाकडे बघितलं, सुपातले तांदूळ बाजूला सारले आणि स्वतःच बाहेर जाऊन नवऱ्याला सगळं सांगून टाकलं.

नृसिंहरावांनी ऐकून घेतलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या मंगळवारपासून."

त्यांनी आलेखाचा कागद पुढं ओढला. मग मला समजावून सांगितलं, की गूळ खाल्ल्यावर रक्तातली साखर चढत जाते आणि साधारण अर्ध्या तासानं सगळ्यात वर पोचते. विश्रांतीला त्यांनी बरोबर तेवढाच वेळ दिला होता.

"तीन वर्षं मी तुझा गूळ मोजला," ते श्यामलाला म्हणाले.

"मग सांगायचं होतंत," श्यामला म्हणाली आणि आत गेली.

तरी त्यांना आशा होती. गूळ वगळला तरी साखर थोडी चढीच निघेल, शोध अगदीच बुडणार नाही. पुढच्या मंगळवारी त्यांनी श्यामलाला काही द्यायचं नाही म्हणून बजावलं. मीही मुद्दाम गेलो होतो. मंडळी आली, सोप्यात टेकली, वाट बघू लागली. त्यांचा म्होरक्या रुद्राप्पा. मागं कधी पायाला कुऱ्हाड लागून दवाखान्यात आला होता, तेव्हापासून हा माणसं जमवून आणायचा. अर्धा तास कोरडा गेल्यावर तो उठून आतल्या दाराशी आला.

"वैनी आजारी हाइत काय?"

"नाही," नृसिंहराव म्हणाले.

"घरात कुणाचं काय बरंवाईट?"

"नाही. आज गूळ-पाणी द्यायचं नाही, असं मीच सांगितलंय."

रुद्राप्पानं पटका नीट केला आणि मागं वळला. "चला रं. डॉक्टरास्नी आपलं ओझं झालंय."

चन्नम्मा, त्याची आई, गुडघ्यावर हात टेकून उठली. पाच मिनिटांत सोपा रिकामा झाला. नृसिंहराव हातात पिचकारी घेऊन उभे होते.

"मला वाटत होतं, ही माणसं शास्त्रासाठी येतात," ते म्हणाले.

बहिणीचं घर, म्हणून मी आलेलं हसू दाबलं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी त्या घरात आधी पाहिलेलं नव्हतं. ताट वाढलेलं नसताना ते स्वयंपाकघरात गेले आणि श्यामलाला म्हणाले, "उचगावला माझ्याबरोबर येतेस का? माझ्याच्यानं व्हायचं नाही." आम्ही तिघं टांग्यानं गेलो. रुद्राप्पाच्या घरी टेकतो न टेकतो तोच चन्नम्मानं गूळ-पाणी पुढं केलं. नृसिंहरावांनी त्या खड्याकडे असं काही बघितलं, की तिला वाटलं गूळ वाईट निघाला. मग त्यांनी तो सगळा खाल्ला.

बोलली श्यामलाच. रक्त उपाशी माणसाचं हवं होतं, मी न कळून गूळ दिला, त्यानं आकडे चढले. आता एकदा कोरडं यायला हवं. रुद्राप्पानं अट घातली.

"वैनी, तुमी म्हंता म्हणून येतो. पर आमी कोरडं बसायचं, तर डॉक्टरांनी बी कोरडं बसायचं. आन् आमच्यात बसायचं की, आत न्हाय."

तसं झालं. पुढच्या मंगळवारी नृसिंहराव, ज्यांचा सकाळचा चहा कधी चुकला नव्हता, घोंगड्यावर मांडी घालून उचगावकरांत बसले. कुणाला काय बोलावं सुचेना. शेवटी चन्नम्मानं त्यांना विचारलं, डॉक्टर, तुमाला मुलंबाळं किती. तीन वर्षांत तिचं रक्त त्यांनी कितीदा काढलं होतं देव जाणे. एवढी साधी ओळख झालेली नव्हती. एक मुलगी, पुण्याला शिकते, असं ते म्हणाले, आणि मग अर्धा तास कमी पडला.

रक्त काढून झाल्यावर कुणीही घरी जायला तयार नव्हतं. काय निघतंय ते बघूनच जाऊ, म्हणाले. श्यामलानं आता सगळ्यांना भाकरी-पिठलं वाढलं. दुपारी मागच्या खोलीचं दार उघडून नृसिंहराव बाहेर आले. हातातल्या कागदावर अठ्ठ्याऐंशी, ब्याण्णव, चौऱ्याऐंशी असे आकडे होते, आणि शंभराच्या वर एकही नव्हता.

"काय निघालं?" रुद्राप्पानं विचारलं.

"काही निघालं नाही. तुमची साखर जगातल्या कुठल्याही उपाशी माणसाएवढीच आहे."

"लंडनवाल्याएवढी?"

"तेवढीच."

रुद्राप्पानं पटका काढून मांडीवर ठेवला. "मी सोयऱ्यास्नी सांगून बसलोय, आमचं रगत गोड हाय म्हणून."

"माझं चुकलं," नृसिंहराव म्हणाले. "मी विचारायला हवं होतं."

हे ते रुद्राप्पाकडे बघून म्हणाले नाहीत, श्यामलाकडे बघून म्हणाले. मी त्यांची इतकी वाक्यं तपासली, पण दुरुस्ती न लागणारं हे पहिलंच. श्यामलानं पदरानं डोळे पुसले आणि ताटं उचलायला लागली.

त्यांनी टेबलावरची लेखाची पानं एकत्र केली, टाचणी लावली आणि कपाटात तळाशी ठेवून दिली. मुंबईला आता काही जायचं नव्हतं. मला वाईट वाटलं, त्यांच्यासाठी आणि थोडं माझ्या इंग्रजीसाठीही. ते मात्र कपाट लावून सोप्यात येऊन उभे राहिले. मंडळी पटके बांधत होती.

"मग फुडल्या मंगळवारी यायचं का न्हाय?" रुद्राप्पानं विचारलं.

"आता रक्त नको आहे मला."

"त्ये समजलं. यायचं का न्हाय त्ये सांगा."

नृसिंहरावांनी एकदा श्यामलाकडे बघितलं.

"या," ते म्हणाले.

कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि रुद्राप्पानंही विचारलं नाही.