गाडी आबांच्या नावावर होती

विश्वजीतनं कोर्टात गुन्हा कबूल केला, दहा हजार दंड भरला, सहा महिन्यांसाठी लायसन्स गमावलं आणि जप्त झालेली मोटरसायकल सोडवून आणली. प्रकरण मिटलं.

पण असं काही झालंच नाही, असं धरून चालू. विश्वजीतही पकडला गेल्यावर पंधरा दिवस तसंच धरून चालत होता. गाडी जप्त असल्यामुळे त्याला चालण्याशिवाय दुसरा इलाजही नव्हता.

दौलताबादला एका मित्राच्या शेतात कंदुरी होती. नवसाचा बोकड, शंभरेक माणसांचं जेवण आणि उभ्या पिकअपच्या मागं, देवाला दिसणार नाहीत अशा बेतानं मांडलेल्या बाटल्या. विश्वजीत दुपारी एकला गेला आणि साडेचारला शहराकडे निघाला. मिटमिट्याच्या अलीकडं नाकाबंदी होती. पोलिसानं मशीनची नळी त्याच्या तोंडापुढं धरली आणि म्हणाला, “फुंका.”

विश्वजीत घाबरला की नको ती माहिती देतो. “साहेब,” तो म्हणाला, “माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. डेपोत मशीन आल्यापासून तेही रोज फुंकायचे.”

“मग जमतंच तुम्हाला,” पोलिस म्हणाला.

मशीननं एकशे बारा दाखवले. कायदा तीसपर्यंत डोळे मिटून घेतो.

वकील गाठायचा होता. अट एकच, तो ओळखीचा निघायला नको. औरंगपुऱ्यात पहिल्यांदा तो ज्या वकिलाकडे शिरला त्यांचं नाव सर्जेराव. त्यांनी गुन्हा विचारायच्या आधी गाव विचारलं.

“देवगाव रंगारी.”

“देवगावात कुणाचा?”

“कडुबा ड्रायव्हरचा,” विश्वजीत म्हणाला आणि तिथंच फसला.

“म्हणजे आशाबाईचा पोरगा तू? अरे, मी तुझ्या मामाचा साडू की. बस, बस. चहा सांगतो. काय काम काढलं?”

“भाडेकरार करायचा होता,” विश्वजीत म्हणाला.

अर्ध्या तासानं तो जिना उतरला तेव्हा त्याच्या हातात नवाकोरा भाडेकरार होता. चार वर्षं तो ज्या खोलीत राहत होता त्याच खोलीचा. घरमालकाला याची काही कल्पना नव्हती.

मग तो पाट्यांवरची आडनावं वाचत गल्लीत फिरला. ज्या घरात आपली सोयरीक मागं कधी झाली नाही आणि पुढं कधी होणार नाही, असं एक आडनाव त्याला बांगड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर सापडलं. ॲड. भानुमती धर्माधिकारी. बाई साठीच्या होत्या. त्यांनी गाव विचारलं नाही. विश्वजीतला इतकं हलकं वाटलं की त्यानं न विचारता रक्तगट सांगितला.

“तो राहू द्या,” बाई म्हणाल्या. “किती घेतली होती?”

“दोन.”

“दोन काय?”

विश्वजीत विचारात पडला. “सुरुवातीला ग्लास होते.”

बाईंनी ते लिहून घेतलं नाही. विश्वजीतनं खुर्ची पुढं ओढली. “मॅडम, मशीन बिघडलेलं होतं असं म्हणता येईल का?”

“येईल की. बिघडलेलं होतं का?”

“नाही.”

“मग तुम्ही म्हणा. त्या दिवशी मी दुसऱ्या कोर्टात असेन.” त्यांनी चष्मा काढला. “पहिली वेळ आहे. कबूल करा, दंड भरा, सहा महिने रिक्षानं फिरा. रस्त्यात कुणी आडवं आलं नाही म्हणून आपण इथं बसून बोलतोय, एवढं लक्षात ठेवा. आता मला सांगा, गाडी कुणाच्या नावावर आहे?”

“वडिलांच्या,” विश्वजीत म्हणाला.

वाळूजच्या कंपनीत नोकरी लागल्यावर त्यानं पहिली गाडी वडिलांच्या नावानं घेतली होती. देवगावात चांगली मुलं तसंच करतात. हार घातला होता, चाकाखाली लिंबू ठेवलं होतं, गल्लीभर पेढे वाटले होते आणि मागच्या नंबरप्लेटखाली ‘आबांचा आशीर्वाद’ असं रंगवून घेतलं होतं. पोलिसांच्या पंचनाम्यात गाडीच्या वर्णनात तेही आलं होतं.

“मग गाडी सोडवायला मालकांना यावं लागेल,” बाई म्हणाल्या. “किंवा त्यांच्या सहीचं अधिकारपत्र.”

“सही मला जमते त्यांची.”

“तो दुसरा गुन्हा. त्याची फी वेगळी.”

आबांना काहीच ठाऊक नव्हतं. गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय, असं विश्वजीतनं त्यांना सांगितलं होतं. आबा फोनवर रोज चौकशी करत. बाराव्या दिवशी ते म्हणाले होते, “आमच्या डेपोत तेवढ्यात अख्खी बस उघडून परत जोडत व्हते.” आबांनी तीस वर्षं एसटी चालवली. एवढ्या वर्षांत त्यांच्या बसखाली कोंबडीसुद्धा आली नाही. त्याबद्दल महामंडळानं त्यांना पंचवीस वर्षं विनाअपघात सेवेचा बिल्ला दिला होता. तो बिल्ला ते लग्नाला, मयताला आणि तहसीलला लावून जात.

विश्वजीतनं त्या संध्याकाळी फोन केला.

“आबा, गाडीचं आरसी बुक पाहिजे होतं.”

“कशाला?”

“सर्व्हिसिंगवाले मागतेत.”

“ऑइल बदलायला आरसी बुक?”

 आबांच्या मागं टीव्हीवर कुणीतरी बटाट्याची भाजी करत होतं.

“कुठं धरलं?” आबांनी विचारलं.

“मिटमिट्याजवळ.”

“किती आलं?”

“एकशे बारा.”

“आमचं कायम शून्य यायचं,” आबा म्हणाले. रागानं नाही. जुनं गणित आठवत असल्यासारखं.

“तुम्ही फक्त सही करून पाठवा, आबा. यायची गरज नाय.”

“सही नाय पाठवत. येतो मी. तुझ्या आईला सांगतो, पेन्शनचं काम हाय.”

कोर्टातलं काम दहा मिनिटांत झालं. बाईंनी सांगितलं तसं विश्वजीत “कबूल” म्हणाला, दंड भरला, कागद घेतला. आबा मागच्या बाकावर बसले होते. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, आणि सरकारी जागी जायचं म्हणून छातीवर बिल्ला.

खरी गोष्ट घडली ती जप्त गाड्या ठेवतात त्या आवारात. टेबलामागं एक हवालदार होते. त्यांनी कोर्टाचा कागद न उघडता रजिस्टरखाली सरकवला आणि आरसी बुक उघडलं.

“वाहन मालक कोण?”

आबांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

हवालदारांनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. “काका, वय किती?”

“एकसष्ट.”

“एकसष्ट. आणि पिऊन गाडी चालवता?”

आबांनी एकदा मान वळवून विश्वजीतकडं पाहिलं. मग परत हवालदारांकडं.

“हे काय लावलंय?” हवालदार वाकून बिल्ला वाचू लागले. “पंचवीस वर्षं विनाअपघात. अरे वा. हे लावून पिता का पिऊन हे लावता? नातवंडं बघायचं वय तुमचं. एखादं लेकरू चाकाखाली आलं असतं म्हणजे? मग हा बिल्ला कुठं लावला असता?”

विश्वजीत दोन हातांच्या अंतरावर उभा होता. घाबरला की नको ती माहिती देणारा माणूस. आज देण्यासारखी एकच माहिती होती, तीही तीन शब्दांची. ते नाही, मी. त्यानं समोरच्या जप्त टेम्पोचा नंबर वाचला. मग परत वाचला. त्यात चार आकडे होते आणि ते बदलत नव्हते.

“व्हय साहेब,” आबा म्हणाले. “चुकलं.”

“चुकलं म्हणून भागत नाही.” हवालदार विश्वजीतकडं वळले. “तू मुलगा ना यांचा? जरा लक्ष ठेवत जा बापावर.”

“हो,” विश्वजीत म्हणाला.

हो म्हणाला. नंतर कितीतरी दिवस तो शब्द त्याला जेवताना आठवायचा आणि घास हातातच राहायचा.

गाडी आबांनी चालवली. विश्वजीतला आता बंदीच होती. फाटकाबाहेर आल्यावर त्यांनी बिल्ला काढला, रुमालात गुंडाळला आणि खिशात ठेवला. मग चाळीसच्या वेगानं, वळणावर हात दाखवत, ते निघाले.

“आबा,” विश्वजीत मागून म्हणाला, “तुम्ही सांगितलं का नाय त्यांना?”

“त्यानं मालकाला विचारलं,” आबा म्हणाले. “मालक मी हाय.”

पुढं एसटीचा विनंती थांबा आला. आबांनी सवयीनं वेग कमी केला, कुणी चढत नाही हे पाहिलं आणि पुढं निघाले.

दुसऱ्या दिवशी विश्वजीत बांगड्यांच्या दुकानावरचा जिना परत चढला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“असा अर्ज कायद्यात नाही,” त्या म्हणाल्या.

“विनंती म्हणून करू.”

“मंजूर होणार नाही. कुणी वाचणारही नाही.”

“टाइप तर करा, मॅडम.”

 बाईंनी कीबोर्ड पुढं ओढला आणि त्याची वाक्यं सरकारी करत गेल्या.

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
जप्त वाहन आवार.

विषय: चुकीच्या इसमास दिलेली समज परत घेऊन योग्य इसमास देणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज सादर करण्यात येतो की, दिनांक १४ रोजी आपल्या कार्यालयातून मद्यप्राशन करून वाहन चालविल्याबाबत अर्जदाराचे वडील यांना तोंडी समज देण्यात आली. वास्तविक मद्यप्राशन अर्जदाराने केले होते. अर्जदार घटनास्थळी हजर असूनही त्याने सदर बाब निदर्शनास आणून दिली नाही. त्याबाबत अर्जदाराकडे कोणतेही समर्थनीय कारण नाही.

तरी सदर समज तात्काळ परत घेण्यात यावी, ती शब्दशः व तेवढ्याच आवाजात, वडिलांच्या समक्ष, वडिलांनी बिल्ला लावलेला असताना अर्जदारास देण्यात यावी, आणि वडिलांनी उच्चारलेले “व्हय साहेब, चुकलं” हे शब्द त्यांच्या नावावरून कमी करून अर्जदाराच्या नावावर चढविण्यात यावेत, ही नम्र विनंती.