आप्पांची गोळी आणि लेकीची सोयरीक

कडा गावच्या आप्पांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, टाकली होती. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी ते रोज न चुकता घेत होते, तरी छाती पुन्हा दुखायला लागली. बीडच्या डॉक्टर रोहिणीताई म्हणाल्या, "आप्पा, काहींच्या शरीरात ही गोळी कामालाच लागत नाही. हे जन्मापासूनचं असतं. जनुकांची तपासणी करू, मग कोणती गोळी द्यायची ते नक्की कळेल."

आप्पांचा चेहरा उतरला. लेकीची, प्रियदर्शनीची, लग्न पक्कं करायची सुपारी तोंडावर आली होती!

"नगं ताई. रक्तात खोट निघाली तर सोयरीक मोडंल. लगीन होऊ द्या, मंग बघू."

"आणि तोवर गुठळी झाली तर?"

आप्पा तपासणी न करताच घरी आले. आता काय म्हणावं, मंडळी! जीव टांगणीला लागलाय आणि हा माणूस अब्रू सांभाळतोय!

प्रियदर्शनीला कळलं तशी ती भडकलीच. तिनं थेट होणाऱ्या सासूला, साखराबाईंना, फोन लावून सगळं सांगून टाकलं. आई छबुबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, घात केलास की!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच साखराबाई दारात हजर. पाण्याच्या तांब्यालाही त्यांनी हात लावला नाही.

"आप्पा, खरं हाय का हे?"

"हाय," आप्पांनी मान खाली घातली. "तुमी म्हणाल ते कबूल."

"मंग हितं कशाला बसलाय? उठा, बीडला चला! सुपारी पुढं ढकलता येती, पोरीचा बाप कुठून आणायचा? अन् खोट कसली वो? एक गोळी तुमाला लागू न्हाई, एवढंच! मला वांगं खाल्लं की अंगावर पित्त उठतंय. मंग माझ्या पोरांची लग्नं थांबली का?"

छबुबाईंना रडता रडता हसू फुटलं. त्याच दुपारी तपासणीला रक्त दिलं. काही दिवसांनी रोहिणीताईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता! "आप्पा, कारण सापडलं! जुनी गोळी तुमच्या शरीरात काम करतच नव्हती. आजपासून दुसरी सुरू. आणि हे घराण्यात असू शकतं, मुलीलाही सांगून ठेवा."

"माझीबी तपासणी करा!" प्रियदर्शनी बाजूनं ओरडली. साखराबाईंना तिनं तेही कळवलं, आणि त्या म्हणाल्या, "शाब्बास!"

सुपारी थाटात फुटली. भरल्या मांडवात आप्पा उभे राहिले आणि लपवायला निघालेलं सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. "सोयरीक मोडंल म्हणून मी मरायला निघालतो! तुमी कुणी असं करू नका."

मंडळी, औषध ज्याच्या त्याच्या शरीराला बघूनच द्यावं लागतं. डॉक्टर तपासणी सांगतील तेव्हा लाजू नका, लपवू नका. ज्या अब्रूपायी घरातलं माणूस जाईल, ती अब्रू घेऊन करायचं काय?