काण्या कर्नलचा डोळा

कंपालाच्या व्हिडिओ हॉलमध्ये किगोंगो पहिल्याच बाकावर सरसावून बसला होता. चित्रपटांतल्या काण्या कर्नलवर तो दहा वर्षं जीव टाकत आला होता. कर्नलचा डोळा कसा गेला हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यातच तर सगळा दरारा होता. आज कर्नलच्या लहानपणावरचा नवा चित्रपट लागला, आणि त्यात त्याचा डोळा चक्क कोंबडीनं टोचून फोडला.

"हे बघायला आलो होय आम्ही?" मागून कुणीतरी करवादलं.

परदेशी संवाद माइकवरून तिथल्या लुगांडा भाषेत सांगणारा लुब्वामा पुढे सरकला. मग शांतपणे म्हणाला, "गप बसा रे. हा त्याचा बावळट चुलतभाऊ. आपल्या कर्नलचं अजून कुणालाच माहीत नाही."

किगोंगोच्या जिवात जीव आला. हातातली शेंगदाण्यांची पुडी त्यानं तेव्हा कुठे उघडली.