पोह्यातला खडा

दादासोंनी टेलिफोन खात्यात तीस वर्षं खांबावर चढून काढली, पण दवाखान्याच्या चार पायऱ्या चढायच्या म्हटलं की त्यांच्या जिवावर यायचं. आठ वर्षं साखरेचा आजार होता. गोळ्या घ्यायचे, त्याही बायकोनं, आक्काताईंनी, हातावर ठेवल्या तर. दातांकडं तर त्यांचं कधी लक्षच नव्हतं. सकाळी तंबाखूची मिश्री लावायची, चूळ भरायची, की झालं. हिरड्यांतून रक्त आलं तर म्हणायचे, खराब रक्त हाय, जाऊ दे भाईर.

२००३ साली मुलाला, प्रसेनजीतला, इचलकरंजीचं स्थळ आलं. मुलगी सोनम दातांची डॉक्टर. राजारामपुरीत नुकताच दवाखाना टाकलेला. त्या आठवड्यात दादासोंचा खालचा एक दात जिभेनं ढकलला की पुढं-मागं व्हायला लागला होता. पण सांगितलं तर आक्काताई दवाखान्यात नेतील, म्हणून ते गप्प राहिले.

मुलगी बघायला गेल्यावर पोहे आले. दुसऱ्याच घासाला काहीतरी कट्ट वाजलं. दादासोंनी जीभ फिरवली, तर दाताच्या जागी खड्डा. त्यांनी हळूच दात काढून मुठीत धरला, पण मुलीच्या आईनं, विठाबाईंनी, ते बघितलंच.

"खडा लागला व्हय, पावणं?"

"बारका हाय. चालतंय की," दादासो मोठ्या मनानं म्हणाले.

विठाबाई ओशाळल्या. त्यांनी सगळ्यांच्या हातातल्या बशा काढून घेतल्या. पोहे निवडलेल्या त्यांच्या बहिणीला पाहुण्यांदेखत बोलणी बसली. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा दादासोंना वाईट वाटलं. पण मूठ काही उघडली नाही.

एवढ्यात सोनम चहा घेऊन आली. तिनं ट्रे खाली ठेवला आणि हात पुढं केला. "बघू काका, खडा."

बारा माणसांसमोर दादासोंना मूठ उघडावी लागली.

"आई, मावशीला काही बोलू नकोस. हा यांचा दात आहे." मग तिनं दात उलटापालटा करून बघितला. "कीड नाही, तुटलेला नाही. हिरडीनंच सोडलाय. काका, साखर हाय न्हवं तुम्हाला?"

पुढचा अर्धा तास मुलीनंच प्रश्न विचारले. साखर कधी तपासली, ब्रश वापरता का, मिश्री किती वेळा. दादासो 'कधीतरी' म्हणायचे आणि आक्काताई खरं ते सांगून टाकायच्या. मुलीला स्वयंपाक येतो का, हे विचारायचं राहूनच गेलं.

परतताना दादासोंनी जाहीर केलं, पोरगी लई तिखट हाय, नगं.

चौथ्या दिवशी त्यांचा गाल सुजला. साखर तीनशेच्या वर निघाली. नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि दातांच्या डॉक्टरकडं जायला बजावलं. गाल धरून ते राजारामपुरीत सोनमच्या दारात उभे राहिले. तिनं पहिल्यांदा विचारलं ते, नाश्ता करून, गोळी घेऊन आलाय का. ते उपाशी आले होते. तिनं त्यांना खायला परत पाठवलं.

सूज उतरली, साखर जरा आटोक्यात आली, तेव्हा तिनं हिरड्या साफ केल्या. मऊ ब्रश हातात देऊन आरशासमोर उभं केलं. "साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर ऐकत न्हाई," ती म्हणाली. मिश्री सोडायला दादासोंना दोन महिने लागले. तेवढ्या दिवसांत आक्काताईंनी त्यांची बरीच चिडचिड ऐकून घेतली. पण रक्त थांबलं.

आता दादासोंनी होकार भरला, पण लग्न मात्र जमलं नाही. प्रसेनजीतला पुण्यात नोकरी लागली, सोनम दवाखाना सोडायला तयार नव्हती. दोघांनी फोनवर बोलून समजुतीनं नकार दिला. दादासो दोन दिवस मुलाशी बोलले नाहीत. अशी डॉक्टर परत मिळायची व्हय, एवढंच म्हणत राहिले.

पुढच्या वर्षी सोनमच्या लग्नाची पत्रिका आली. जेवणाच्या पंगतीत दादासोंच्या शेजारी नवऱ्या मुलाचे वडील बसले होते. दादासोंनी त्यांची विचारपूस केली, आणि त्यांनाही साखर आहे हे कळल्यावर भाताचा घास हातात धरूनच म्हणाले, "पावणं, जरा त्वांड उघडा बघू."