बिनतिकिटाचा प्रेक्षक

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. हसू नका. फळीला कसली आलीय जीवनकहाणी, असं तुमच्या मनात आलं असेल तर जरा जवळ या आणि माझ्या कडेवरून बोट फिरवून पाहा. बारीक भोकांची एक ओळ हाताला लागेल. त्या भोकांत आता काळी शाई सुकून बसली आहे. पूर्वी तिथे खिळे होते आणि त्या खिळ्यांनी माझ्यावर काथ्याची पट्टी ठोकलेली होती, ओल्या पायांनी कुणी घसरू नये म्हणून. आज माझ्यावर कागद लावून व्यंगचित्रं काढतात. जन्माने मात्र मी पोहण्याच्या तलावावरची, सूर मारायची फळी.

मला एका सुताराने घडवलं. चिवट, लवचीक लाकूड निवडून त्याने मला रंधा मारला, पोटभर तेल पाजलं आणि तलावाच्या खोल टोकाला नेऊन बसवलं. माझ्यावर हात फिरवून तो म्हणाला, "ही पोरांना आभाळात फेकणार बघा." त्या एका वाक्याने मी अशी फुगले की विचारू नका. उन्हाळ्याची सुट्टी लागली की शिडीपाशी पोरांची ही रांग लागायची. काही वीर माझ्या टोकापर्यंत ऐटीत चालत यायचे, खाली पाणी बघायचे आणि "मला आईने लवकर बोलावलंय" असं म्हणत उलट पावली शिडी उतरायचे. मी कुणाचं गुपित फोडलं नाही.

सुताराचे दोन मुलगे होते. तलावाची डागडुजी बापाकडे असल्यामुळे फाटक उघडायच्या आधीच ते दोघं आत असत. थोरल्याला सगळे बेडूक म्हणत, कारण तो जमिनीपेक्षा पाण्यातच जास्त सापडायचा. सूर मारण्यापूर्वी तो माझ्या टोकाला एका पायावर उभा राहायचा आणि डाव्या पायाने उजवी पोटरी खाजवायचा. ही त्याची खोड. धाकट्याने माझ्यावरून कधी उडी मारली नाही. तो माझ्या मागच्या टोकाला मांडी ठोकून बसायचा आणि कॉमिकमधल्या वीरांना पेन्सिलीने मिशा काढायचा.

"दादा, या सगळ्यांनी चड्डी बाहेरून का घातलीय?" त्याने एकदा विचारलं.

"घाईत निघतात रे. जगाला वाचवायचं असतं, आरशात बघायला वेळ कुठे मिळतो?"

"आणि उन्हाळ्यात? एवढं घट्ट घालून घामोळं नाही येत?"

"म्हणून तर उडतात. वारा लागतो." थोरला माझ्यावर आडवा होऊन आभाळाकडे बघत होता. "ए, उडणाऱ्या वीराला उंच उडीच्या स्पर्धेत घेतलं तर? तो वर जाईल तो जाईलच. खाली यायचं त्याच्या लक्षातच राहणार नाही. पंच बिचारे मान वर करून बसलेत! हे काढ तू. मोठा झालास की छाप. मी वाचीन."

सुट्टी संपायच्या दिवशी तो नेहमीसारखा माझ्या टोकाला उभा राहिला, पोटरी खाजवली आणि उसळला. मी नेहमीसारखीच वाकले, नेहमीसारखीच त्याला वर फेकलं. पाण्याचा आवाज मी ऐकला. मग त्याचं डोकं वर यायची वाट पाहू लागले. धाकटा माझ्यावर बसून हसत होता, कारण पाण्याखाली दम धरून सगळ्यांना घाबरवायची थोरल्याला सवयच होती. बराच वेळ धाकटा हसत राहिला. तेच हसू मला अजून ऐकू येतं.

कुणी म्हणालं, पायात गोळा आला. कुणी म्हणालं, डोकं तळाला लागलं. मला लाकडाला काय कळणार? मला एवढंच ठाऊक, की माझ्यावरून उडालेलं वजन शिडीने वर येतं आणि पुन्हा माझ्यावर उभं राहतं. ते वजन परत आलं नाही. त्याच्या नावाची जागा माझ्या टोकाला अजून रिकामी आहे.

तलाववाल्यांनी मला उतरवून सुताराच्या अंगणात आणून टाकलं. आपल्या हाताने घडवलेल्या फळीकडे तो बराच वेळ बघत उभा राहिला आणि मग कुऱ्हाड घेऊन आला. तेवढ्यात धाकटा धावत आला आणि माझ्यावर बसला. "बाबा, तोडू नका," एवढंच तो म्हणत होता. बापाने समजावलं, रागावला, हाताला धरून ओढलं, पण पोरगं हलेना. आई दारातून म्हणाली, "ती फळी माझ्या डोळ्यांसमोर नको." शेवटी बापाने मधला मार्ग काढला. माझं पुढचं टोक करवतीने कापून घेतलं, त्याला एका बाजूने पट्ट्या जोडून रुंद केलं, खाली तिरके पाय लावले आणि मागच्या खोलीत धाकट्यासाठी चित्रं काढायचं मेज केलं. उरलेली मी चुलीत गेले.

त्या दिवसापासून आईने मागच्या खोलीचा उंबरठा ओलांडला नाही. धाकट्याचा चहाही ती उंबरठ्यावर ठेवून जायची. थोरल्याबद्दल घरात कुणी ब्र काढत नसे. त्याचे कपडे गेले, कॉमिक गेली, भिंतीवरचा फोटो गेला. राहिले ते माझ्या कडेचे खिळ्यांचे व्रण.

मित्रांनो, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं माझं आहे. उन्हाळा तापला की माझं लाकूड आपोआप करकरतं, अगदी कुणी टोकाशी येऊन उभं राहिल्यासारखं. त्या आवाजाने धाकटा हातातलं काम थांबवून मान वर करायचा. पलीकडे स्वयंपाकघरात आईलाही तो ऐकू जायचा. मग ती नळ मोठा सोडायची. माझी करकर थांबेपर्यंत तो नळ वाहत राहायचा. किती उन्हाळे आम्ही तिघांनी असे काढले, कुणी मोजले नाहीत.

बाप थकत थकत एक दिवस देवाघरी गेला. धाकटा मोठा होऊन व्यंगचित्रकार झाला. एका साप्ताहिकात त्याची चित्रकथा सुरू झाली. तिचा नायक घसरू, म्हणजे प्रत्येक खेळात उत्साहाने उतरणारा आणि तितक्याच उत्साहाने आपटणारा पोरगा. सायकल शर्यतीत घसरूची साखळी निघायची, टेनिसमध्ये त्याचा चेंडू पंचाच्या चहात पडायचा. उन्हाळी विशेषांकात तर चित्रकार कॉमिकमधल्या वीरांनाच मैदानात उतरवायचा. मुखवटेवाल्याला घामाने काही दिसेना, झग्याचं टोक सायकलच्या चाकात अडकलं, एक ना दोन. लोक पोट धरून हसायचे. आता माझ्या मालकाबद्दल मी काय सांगावं, पण हसऱ्या चित्रांवर एवढ्या गंभीर चेहऱ्याने वाकलेला माणूस तुम्ही पाहिला नसेल.

सगळे खेळ त्याने काढले. पोहणं मात्र कधी काढलं नाही. दर उन्हाळ्यात संपादकांचा फोन यायचा, "अहो, एकदा घसरूला पाण्यात उतरवा की!" आणि हा दर उन्हाळ्यात सांगायचा, "घसरूला सर्दी झालीय." उंच उडीचा तो विनोदही त्याने कधी काढला नाही.

आता एक गोष्ट सांगते, जी वाचकांना ठाऊक नव्हती. व्यंगचित्रकार आधी फिकट निळ्या पेन्सिलीने चित्र काढतो आणि मग हव्या त्या रेषांवर काळी शाई फिरवतो. निळं खोडावं लागत नाही, कारण छापखान्याच्या कॅमेऱ्याला ते दिसतच नाही. माझ्या चित्रकाराच्या प्रत्येक चित्रात, मैदानाच्या कडेला, निळ्या पेन्सिलीत एक पोरगा उभा असायचा. एका पायावर. दुसऱ्या पायाने पोटरी खाजवत. त्याच्यावर शाई कधी चढली नाही. कागद छापखान्यात जायचा, अंक घरोघरी जायचा, आणि तो पोरगा कुठेच पोहोचायचा नाही. फक्त मला त्याचा भार कळायचा, कारण पेन्सिलीचा दाब कागदातून माझ्यापर्यंत येतो.

चित्रकाराच्या मुलीने लहानपणी एकदा विचारलं होतं, "बाबा, हा कोण?"

"प्रेक्षक आहे."

"मग याला शाई का नाही लावली?"

चित्रकाराने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. "त्याने तिकीट काढलेलं नाही," तो म्हणाला. मुलगी खुदकन हसली आणि खेळायला पळाली.

पुढे चित्रकाराचा हात थरथरू लागला. आधी वाटलं, थकवा असेल. मग कपातला चहा बशीत सांडू लागला आणि शाईची रेष वाकडी जाऊ लागली. काही दिवस तर तो माझ्याकडे फिरकला नाही. माझ्यावर धूळ साचली, कुणीतरी जुन्या अंकांचा गठ्ठा आणून ठेवला, आणि मला वाटलं, झालं, आता आपलीही रवानगी चुलीत. पण मुलगी तोवर चित्रकला शिकून तयार झाली होती. तिने गठ्ठा उचलला, ओल्या फडक्याने मला पुसलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही निळं काढा. शाई मी चढवते." अशी घसरूची गाडी पुन्हा रुळावर आली. दोघांत एक साधा नियम ठरला होता. गडद निळी रेष असेल तिच्यावर शाई चढवायची, फिकट असेल ती सोडून द्यायची.

उन्हाळी विशेषांकाचं चित्र चाललं होतं. धावण्याची शर्यत, घसरू सगळ्यांच्या मागे, आणि उडणारा वीर शर्यतीत उडू दिलं नाही म्हणून रुसून बसलेला. सगळं काढून झाल्यावर चित्रकाराने कडेला तो पोरगा काढायला घेतला. त्या दिवशी हात ऐकेना. पोटरीची रेष चुकली, म्हणून त्याने तिच्यावरून पुन्हा पेन्सिल फिरवली. पुन्हा चुकली, पुन्हा फिरवली. गिरवता गिरवता अख्ख्या कागदावर तो पोरगाच सगळ्यात गडद झाला. मला खालून कळत होतं. पण फळीचं कोण ऐकतं?

मुलीने नियमाप्रमाणे त्याच्यावर शाई चढवली आणि कागद छापखान्यात गेला.

अंक आला त्या सकाळी चित्रकाराने पान उघडलं आणि तो मटकन माझ्याशेजारी बसला. "हे काय केलंस तू?"

"काय झालं बाबा?"

"याला शाई लावायला कुणी सांगितलं होतं? माझी आई बघेल ना! भिंग घेऊन माझं चित्र बघते ती. इतकी वर्षं... इतकी वर्षं मी तिला त्याची आठवण होऊ दिली नाही, आणि तू..."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तोच सगळ्यात गडद होता बाबा. मला वाटलं, या वेळी त्याने तिकीट काढलं."

चित्रकाराने अंक घडी करून माझ्या खाली सरकवला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. साप्ताहिकाचे दोन अंक घरी येत, आणि दुसरा आईच्या हातात होता. तिची पावलं उंबरठ्यापाशी आली. नेहमीसारखी तिथेच थांबली. उन्हाळा होता, माझं लाकूड तापलेलं होतं, आणि नको त्या वेळी मी करकरले. आता ही माघारी फिरणार, नळ सोडणार, असं मला वाटलं.

आई आत आली.

"डाव्या पायाने उजवी पोटरी खाजवतोय," ती म्हणाली. "ही खोड एकाच पोराची. हा माझा बेडूक आहे."

"आई, चुकून छापला गेला. मी मुद्दाम नाही..."

"मला वाटायचं, तू विसरलास त्याला," आई म्हणाली. "एवढं हसरं काढतोस. मला वाटायचं, मी एकटीच आठवत बसलेय. म्हणून मी गप्प."

"मला वाटायचं, तुला त्रास होईल. म्हणून मी गप्प," चित्रकार म्हणाला, आणि एवढा मोठा, केस पिकलेला माणूस लहान पोरासारखा रडू लागला. "मी हसत बसलो होतो गं आई. मला वाटलं, तो गंमत करतोय."

आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "तो गंमतच करायचा रे. कुणीही हसलं असतं."

मग तिने दुसरा हात माझ्यावर ठेवला. हलका, सुरकुतलेला हात. कडेच्या भोकांवरून तिचं बोट एकेक करत पुढे गेलं. मित्रांनो, ज्या बाईला मी डोळ्यांसमोर नको होते, तिच्या हाताखाली मला माझ्या लाकडाची लाज वाटली नाही.

"याला काठावर किती वर्षं उभा ठेवणार?" ती मुलाला म्हणाली. "जाऊ दे त्याला पाण्यात."

"नाही काढता येणार आता. हात थरथरतो."

"थरथरू दे. पाणी थरथरतंच."

त्या दुपारी चित्रकाराने स्वतः शाईत टाक बुडवला. उडणारा वीर उंच उडीत वर गेलाय तो खाली येतच नाही, पंच मान वर करून बसलेत, हे सगळं त्याने सांगितलं तसं मुलीने काढलं. मैदानाच्या पलीकडे एक तलाव आला, तलावावर एक फळी आली, आणि तिच्यावरून हवेत झेपावलेला एक पोरगा. खालचं पाणी चित्रकाराने काढलं. त्याची एकही रेष सरळ आली नाही, आणि असं खरं पाणी मी तलाव सुटल्यापासून पाहिलं नव्हतं.

मित्रांनो, जुन्या फळीला ऊन दाखवू नका, वर्षातून एकदा तेल पाजा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या घरातही कुणीतरी असेल, ज्याच्याबद्दल कुणीच बोलत नाही. एकमेकांना त्रास नको म्हणून सगळे गप्प बसलेले असतील. त्याच्याबद्दल विचारा. वस्तूंना गंज चढतो, कसर लागते, त्याला तरी उपाय असतो.

चित्रातला तो पोरगा अजून हवेतच आहे, आणि मी अजून त्याची वाट पाहते. उन्हाळा लागला की अजून करकरते. आता मात्र पलीकडून नळाचा आवाज येत नाही. चहाचा कप हातात घेऊन आई आत येते, माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसते आणि म्हणते, "आला वाटतं."